उकिरड्याचा पहिला महिना

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात शेणखताचा हिशेब ट्रॉलीने होतो आणि त्याची पारख रंगाने. खत काळे दिसले, हातात भुरभुरीत लागले, शेणाचा वास गेला की ते पिकले असे धरतात. मग उन्हाळ्यात उकिरडा उकरायचा, शेतात लहान-लहान ढीग टाकायचे आणि पावसाच्या तोंडावर पसरायचे. या रीतीत सगळे लक्ष खताच्या शेवटच्या दिवसाकडे असते. ढोरांचे शेण कुजताना त्यातल्या सेंद्रिय पदार्थात कोणते रासायनिक बदल होतात, यावर गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ काम झाले आहे. ते सगळे एकत्र वाचले की एक निष्कर्ष ठळकपणे पुढे येतो: खताचे बरेवाईट बहुतेक पहिल्या तीन-चार आठवड्यांतच ठरते. पुढचे महिने खत मुरवतात, स्थिर करतात, पण पहिल्या महिन्यात हवेत गेलेले नत्र ते परत आणू शकत नाहीत. शेतकऱ्याची मेहनत मात्र पडते ती वैशाखात, निकाल लागून गेल्यावर. काळ्या मातीच्या या भागापुरते बोलायचे तर खताच्या कामाचे वेळापत्रकच बदलायला हवे, आणि त्यामागची कारणे रसायनशास्त्रात आहेत.

सुरुवात शेणापासून करावी लागते, कारण शेण हा ताजा, अनाघ्रात पदार्थ नव्हेच. गाई-बैलांच्या पोटात कडबा आणि कुटार आधीच एकदा कुजून निघालेले असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव चाऱ्यातली साखर, पिष्ट आणि बराचसा सेल्युलोज फोडून त्यांची साधी आम्ले करतात आणि जनावर त्यावर जगते. शेणात उरते ते पचायला कठीण असे: लिग्निनने जखडलेले तंतू, आतड्यातून आलेला चिकट स्राव आणि सूक्ष्मजीवांची प्रचंड संख्येने मेलेली-जिती शरीरे. शेणातले नत्र मुख्यतः या सूक्ष्मजीवांच्या प्रथिनांत असते, त्यामुळे ते बेताने सुटते. मूत्राचे तसे नाही. जनावराच्या शरीराबाहेर पडणाऱ्या नत्राचा जवळपास निम्मा वाटा मूत्रातून जातो, पालाशाचा तर त्याहून मोठा. मूत्रातले नत्र असते मुख्यतः युरियाच्या रूपात, आणि शेणाला स्पर्श होताच त्यातले युरीएज हे विकर काही तासांपासून दोन-तीन दिवसांत त्याचा अमोनिया करून टाकते. मुरमाच्या किंवा मातीच्या गोठ्यात मूत्र जमिनीत जिरते आणि उकिरड्यावर पोचते ते फक्त शेण. म्हणजे खताचे पहिले नुकसान उकिरडा सुरू होण्याआधी, गोठ्यातच झालेले असते. गव्हाणीतले उरलेले कुटार जनावरांखाली पसरून ओले झाल्यावर गोळा करण्याची जुनी पद्धत या दृष्टीने फार मोलाची होती, आणि ती मागे पडत गेली याचे वाईट वाटते.

ढीग रचल्यावर आत काय घडते त्याचा क्रम आता बराच स्पष्ट आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत सहज पचणाऱ्या पदार्थांवर जिवाणू तुटून पडतात, काही आम्ले तयार होतात आणि सामू थोडा खाली येतो. श्वसनातून उष्णता निघते आणि ढीग पुरेसा मोठा, म्हणजे निदान मीटरभर उंच-रुंद असेल, तर ती आतच कोंडते. दोन-चार दिवसांत तापमान ४५ अंश सेल्सिअस ओलांडते आणि ५५ ते ६५ पर्यंत जाते. आता उष्णता सोसणारे जिवाणू आणि ॲक्टिनोमायसिटीस कामाला लागतात. प्रथिने फुटतात, स्निग्ध पदार्थ फुटतात, मग हेमिसेल्युलोज आणि त्याच्या मागोमाग सेल्युलोज. लिग्निन सर्वांत चिवट, ते फोडणाऱ्या बुरशींना प्राणवायू तर लागतोच, पण फार उष्णताही सोसत नाही, म्हणून त्यांचे काम ढीग थंडावू लागल्यावर होते आणि तेही अर्धवटच. अवरक्त किरणांच्या वर्णपटात हा प्रवास डोळ्यांना दिसतो: शर्करावर्गाची शिखरे बसत जातात, तेलकट साखळ्यांची खाली येतात आणि वलयाकार रचनांचा वाटा वाढतो. चुंबकीय अनुनादाच्या चाचण्याही तेच सांगतात. पाण्यात काढलेल्या अर्काची प्रतिदीप्ती पाहिली तर आधी प्रथिनांसारख्या पदार्थांची झळाळी असते, ती विझत जाऊन ह्युमिक पदार्थांची वाढते. शेवटापर्यंत सेंद्रिय पदार्थ साधारण ४० ते ६० टक्के घटतो. ही घट सगळ्या महिन्यांत सारखी वाटलेली नसते. तिचा मोठा भाग उष्ण टप्प्यात, म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांत उरकलेला असतो, आणि पाण्यात विरघळणारा सेंद्रिय कर्बही याच काळात झपाट्याने खाली येतो.

नत्राची गोष्ट याच काळात बिघडते किंवा सावरते. प्रथिने फुटली की अमोनियम सुटते. ते सूक्ष्मजीवांनी आपल्या शरीरात घेतले तर वाचते, त्यासाठी मात्र त्यांना सोबत भरपूर कर्ब हवा, कारण एक भाग नत्र अंगी लावायला त्यांना कित्येक पट कर्ब खर्च करावा लागतो. कर्ब कमी पडला तर अमोनियम साठत जाते, सामू ८.५ ते ९ पर्यंत चढतो आणि अमोनियम अमोनिया वायूत बदलते. इथे तापमानाचा वाटा फार मोठा आहे. पाण्यातल्या द्रावणात सामू ८.५ असेल तर २५ अंशांना अमोनियाच्या रूपात साधारण सातवा हिस्सा असतो, तेच तापमान ६० अंश झाले की निम्म्याहून अधिक, शिवाय उष्ण पाण्यात वायू धरून ठेवण्याची ताकदही कमी. म्हणजे ज्या आठवड्यांत ढीग सर्वांत जोमाने कुजतो, त्याच आठवड्यांत नत्र उडून जाण्याची सर्व कारणे एकत्र येतात. सकाळी उकिरडा उकरताना नाकात झोंबणारा वास येतो, तो याच वायूचा. अमोनियापासून नायट्रेट करणारे जिवाणू तर ४० अंशांच्या वर काम करत नाहीत, त्यामुळे ढीग थंडावेपर्यंत नत्राला सुरक्षित घर मिळत नाही. निरनिराळ्या अभ्यासांत नत्राची घट १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांच्या पुढे गेलेली आढळते. इतका फरक पडतो तो शेणाच्या जातीमुळे कमी आणि ढीग कसा रचला यामुळे जास्त.

हे आकड्यांत मांडून पाहू, म्हणजे खताच्या नेहमीच्या मोजमापातली खोट दिसेल. १,००० किलो ताजे शेण घेतले, त्यात ८० टक्के पाणी धरले, तर कोरडा भाग २०० किलो. त्यात कर्ब अंदाजे ८० किलो आणि नत्र ३.६ किलो, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर २२. हे शेण एकटेच ढिगात पडले, निम्मा कर्ब गेला आणि नत्राचा तिसरा हिस्सा उडाला, तर उरतो ४० किलो कर्ब आणि २.४ किलो नत्र. गुणोत्तर झाले सुमारे १७. आता त्याच शेणात सोयाबीनचे २०० किलो कुटार मिसळू. त्याचे ८० किलो कर्ब आणि १.८ किलो नत्र जमेस धरले की एकूण १६० आणि ५.४, गुणोत्तर ३०. इथेही निम्मा कर्ब गेला, पण कर्ब भरपूर असल्यामुळे नत्राची घट १५ टक्क्यांवर थांबली असे धरू. उरतात ८० किलो कर्ब आणि ४.६ किलो नत्र, आणि गुणोत्तर पुन्हा १७ च्या आसपास. दोन्ही खते प्रयोगशाळेत पाठवली तर या कसोटीवर दोन्ही पिकलेलीच ठरतील. एकाने मात्र आपल्या नत्राचा तिसरा हिस्सा गमावला आहे आणि दुसऱ्याच्या हाती कर्ब दुप्पट आहे. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी हे गुणोत्तर २० पेक्षा कमी असावे अशी अट आहे. अट योग्य आहे, तरी ती खत कुठे पोचले एवढेच सांगते, वाटेत काय सांडले ते सांगत नाही. म्हणूनच जाणकार संशोधक एकट्या गुणोत्तरावर विसंबत नाहीत. अमोनियम आणि नायट्रेट यांचे प्रमाण, पाण्यात विरघळणारा कर्ब, श्वसनाचा वेग आणि बियांची उगवण हे सर्व मिळून ते पाहतात. उगवणीची कसोटी इटलीच्या झुक्कोनी यांनी १९८१ मध्ये रूढ केली आणि तिला यंत्र लागत नाही. खताचा पाण्यातला अर्क, थोडे भिजवलेले बी आणि मुळांची लांबी मोजायला एक पट्टी, एवढ्यावर ती होते.

नेहमीच्या उकिरड्यात यापैकी काय घडते? रोज पाटीभर शेण वरून पडते, त्यामुळे ढिगाला एक वय नसते. तळाचा थर वर्षाचा, वरचा कालचा. रोजच्या पातळ थराची उष्णता कोंडत नाही, वरचे शेण उघड्यावर वाळते आणि वाळता वाळता अमोनिया सोडते. खालचे शेण वजनाने दबते, हवा कोंडते, आणि तिथे कुजणे प्राणवायूविना चालते. तेव्हा कर्ब मिथेनच्या रूपानेही बाहेर पडतो, वास मारणारी आम्ले साठतात आणि तण-रोगांचे बीज मारणारी उष्णता कधी येतच नाही. पावसाळ्यात उकिरड्यातून वाहणाऱ्या तांबड्या-काळ्या पाण्यात पालाश आणि उरलेसुरले विद्राव्य नत्र निघून जाते. मग एप्रिल-मे येतो. वाशीम जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, ढिगाचा ओलावा घसरतो आणि सूक्ष्मजीव थांबतात. खत काळे, हलके, बिनवासाचे दिसू लागते. हे पिकणे नव्हे, वाळणे आहे. त्यातले विद्राव्य पदार्थ अर्धवट तसेच आहेत, फक्त त्यांना पाणी मिळालेले नाही. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडतो आणि थांबलेले कुजणे शेतात, ऐन पेरणीत, पुन्हा सुरू होते. नत्राला भुकेलेले सूक्ष्मजीव जमिनीतले नायट्रेट ओढून घेतात. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरून त्या कामाला लागायला तीनेक आठवडे जातात, नेमके त्याच काळात रोप पिवळे पडते आणि शेतकरी युरिया फेकतो. हुमणीचा त्रासही कच्च्या शेणखताच्या शेतात अधिक, ही कृषी खात्याची जुनी सूचना आहे आणि ती बरोबर आहे.

या प्रश्नावर मराठी मुलखाच्या आसपास फार पूर्वी विचार झाला होता. १९२४ मध्ये इंदूरला होळकरांच्या संस्थानात वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली, कापसाच्या काळ्या जमिनीसाठी. तिथे आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेण, मूत्र भिजलेली माती, राख आणि पऱ्हाट्यांसारखा टाकाऊ माल थराथराने रचण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावाने तिचे पुस्तक निघाले. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले, वाडांचे तेवढे झाले नाही. त्या पद्धतीतला सर्वांत शहाणा भाग म्हणजे मूत्राने भिजलेली गोठ्यातली माती खणून ढिगात घालणे, कारण गोठ्यात हरवणारे नत्र तीच परत आणते. नंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायणराव पांढरीपांडे यांनी नाडेप टाके तयार केले. पुसद रिठदपासून फार लांब नाही, जमीनही तशीच काळी. भोके ठेवलेल्या विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाके, त्यात चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, फक्त नव्वद-शंभर किलो शेण आणि सुमारे साडेसतराशे किलो चाळलेली माती, वरून शेणमातीचा लेप, आणि तीन-चार महिन्यांत खत. मातीचे हे प्रमाण पाहून अनेकांनी नाक मुरडले, खताच्या नावाखाली माती वाहायची काय, असे म्हटले. रसायनाच्या बाजूने पाहिले तर हीच माती या पद्धतीचे बळ आहे. काळ्या मातीतली चिकणमाती ऋणभारित असते आणि अमोनियमला आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवते. वरचा लेप उष्ण टप्प्यातला अमोनिया अडवतो आणि भोकांतून हवा मिळत राहते. पलटणी करावी लागत नाही, हाही फायदाच, कारण ढीग तापलेला असताना केलेली प्रत्येक पलटणी अमोनियाला वाट करून देते. माझ्या मते नाडेपची खरी कमजोरी मजुरीची आहे, रसायनाची नाही. फक्त चुनखडीचे खडे असलेली माती टाळावी, कारण तिने सामू वर जातो आणि धरलेले नत्र सुटण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांनी, ज्यांना पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेल मिळाले, १९३० च्या दशकात तबेल्याच्या खतावर तापमान बदलून प्रयोग केले. ५० अंशांच्या आसपास कुजणे उत्तम चालते आणि ७५ अंशांना मंदावते, हे त्यांच्या कामातून दिसले. ढीग जितका तापेल तितका चांगला, हा समज त्यामुळे टिकत नाही. वॅक्समन यांनीच लिग्निन आणि सूक्ष्मजीवांची प्रथिने जुळून ह्युमस बनते अशी कल्पना मांडली होती, आणि पुढे कित्येक दशके कंपोस्टचे शास्त्र तिच्याभोवती फिरत राहिले. खत अल्कलीत मिसळून ह्युमिक आम्ल काढायचे, फुल्व्हिक आम्लाशी त्याचे गुणोत्तर मोजायचे, वाढले की खत मुरले. २०१५ मध्ये योहानेस लेहमन आणि मार्कुस क्लेबर यांनी या कल्पनेच्या मुळावरच घाव घातला. त्यांचे म्हणणे असे की अल्कलीतून निघणारा पदार्थ हा काढण्याच्या क्रियेतून येतो, जमिनीत त्या रूपात महाकाय रेणू नसतात, असतात ते निरनिराळ्या टप्प्यांवर फुटलेले अवशेष, आणि ते टिकतात ते खनिजांना चिकटल्यामुळे किंवा सूक्ष्मजीवांच्या आवाक्याबाहेर राहिल्यामुळे. मग कंपोस्ट मुरते हे म्हणणे खोटे ठरते का? नाही. अल्कली न वापरता, आख्ख्या खतावर केलेल्या अनुनाद चाचण्यांतही शर्करावर्ग घटताना आणि वलयाकार व कार्बोक्सिल गटांचा वाटा वाढताना दिसतो. बदल खरा आहे, त्याचे जुने स्पष्टीकरण डळमळले आहे. त्यातला बराच भाग नव्याने घडलेला नसून जे चिवट होते ते मागे राहिल्याचा आहे, आणि उरलेला सूक्ष्मजीवांच्या मृत शरीरांचा. माझ्या मुद्द्याला यामुळे उलट बळकटी मिळते: मुरणे ही शेवटी होणारी जादू नसेल, तर सुरुवातीला काय वाचवले आणि सूक्ष्मजीवांची किती शरीरे तयार झाली, यावरच सगळे येते. ह्युमिक आम्लाच्या बाटल्या विकत घेऊन उकिरड्याची भरपाई होईल, असे मानायला आधार राहत नाही.

काळ्या जमिनीत हा विचार आणखी महत्त्वाचा होतो. इथल्या चिकणमातीचा पृष्ठभाग फार मोठा, कॅल्शियम मुबलक, सामू आठच्या आसपास. कार्बोक्सिल गट असलेले, अर्धे कुजलेले रेणू कॅल्शियमच्या दुव्याने या मातीला घट्ट धरतात. साखर आणि ताज्या शेणातले पचायला सोपे पदार्थ तसे धरत नाहीत, ते काही आठवड्यांत वायू होऊन जातात. जस्ताची कमतरता विदर्भाच्या जमिनींत सर्रास आहे, कारण चुनखडीत जस्त अडकून पडते, आणि कुजलेल्या खतातली आम्ले ते सोडवून मुळांपर्यंत नेतात. शेणखताचा कर्ब किती टिकतो याचा सर्वांत बोलका पुरावा इंग्लंडच्या रोथॅमस्टेडला आहे. तिथल्या हूसफील्डच्या शेतात १८५२ ते १८७१ एवढीच २० वर्षे शेणखत दिले आणि मग थांबवले. शंभराहून अधिक वर्षे उलटल्यावरही त्या तुकड्यात कधीच खत न दिलेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा सेंद्रिय कर्ब जास्त मिळाला. इंग्लंडचे हवामान थंड, आपल्याकडे उष्णतेमुळे कर्ब लवकर जळतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हाच्या फेरपालटावर चाललेला दीर्घकालीन प्रयोग आपल्यासाठी अधिक मोलाचा. तिथेही शिफारशीच्या रासायनिक खतासोबत शेणखत मिळालेल्या तुकड्यांतच सेंद्रिय कर्ब सर्वांत वर राहिला आहे. अकोला आणि वाशीम हे १९९८ पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग होते, ऊन-पाऊस आणि माती दोन्हीकडे जवळपास सारखीच.

आक्षेप आणखीही आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला सरळ आहे: कुजवण्यात निम्मा कर्ब जातो, मग शेण ताजेच का टाकू नये? उत्तर असे की तो कर्ब शेतातही जाणारच असतो, तो पचायला सोपाच असतो. प्रश्न तो कुठे आणि केव्हा जातो एवढाच आहे. ढिगात गेला तर तणाचे बी आणि रोगजंतू मारणारी उष्णता देऊन जातो, शेतात गेला तर पेरणीच्या वेळी नत्र ओढून घेतो. दुसरा आक्षेप पैशाचा. वरच्या हिशेबात टनामागे वाचलेले किलो-सव्वा किलो नत्र म्हणजे अडीच किलो युरिया, आणि युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे तीनशे रुपयांच्या आत मिळते. मग एवढा खटाटोप कशाला? नत्राच्या किमतीवर कंपोस्टची वकिली केली तर ती हरते, हे मान्य केले पाहिजे. पण युरियासोबत कर्ब येत नाही, आणि सूक्ष्मजीवांच्या शरीरात नत्र बांधले गेले तरच कर्बही मातीला चिकटण्याजोगा होतो. नत्र उडू देणे म्हणजे टिकाऊ कर्ब बनवण्याचे साहित्य उडू देणे. तिसरे म्हणणे जिवामृताचे. दहा किलो शेणात एकराचे काम होत असेल तर उकिरडा हवाच कशाला, असे विचारले जाते. जिवामृताने जमिनीतली जैविक हालचाल वाढू शकते, परंतु दहा किलो शेणात नत्र जेमतेम ३५-४० ग्रॅम आणि कर्ब किलोच्या आत. ज्या जमिनीत कर्बच कमी आहे, तिला हालचालीसोबत इंधनही लागते. कुजवणाऱ्या कल्चरच्या बाटल्यांबद्दलही तेच. शेणात सूक्ष्मजीवांची वाण कधीच नसते, वाण असते ती हवेची, ओलाव्याची आणि कर्बाची.

गांडूळखत आणि गोबरगॅस यांच्याबद्दल थोडक्यात. गांडुळे तापलेल्या ढिगात जगत नाहीत, म्हणून शेण आधी पंधरा-वीस दिवस थंडावून घेतात. हा थंडावण्याचा काळ तोच आपला पहिला महिना, आणि तेव्हा शेण उघड्यावर पसरले असेल तर गांडुळांच्या हाती येते ते नत्र गमावलेले शेण. गोबरगॅसमध्ये कर्ब मिथेन होऊन चुलीला जातो, नत्र स्लरीत राहते, त्यातले बरेचसे अमोनियमच्या रूपाने, म्हणजे सांभाळले तर उत्तमच. मात्र ती स्लरी उन्हात वाळवली की हे अमोनियम बहुतेक उडून जाते. तिला कुटारात मुरवावे.

सर्वांत वजनदार आक्षेप साधनांचा आहे. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, उकिरडे आटले. उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरत नाही तिथे ढिगावर शिंपडायला कुठून आणायचे? कुटार ढोरांना लागते, ते खतात कसे घालायचे? मजूर मिळत नाही. हे सगळे खरे आहे आणि यातल्या बहुतेकांचे उत्तर एकाच बदलात दडले आहे: ढीग उन्हाळ्यात उकरण्यापेक्षा दिवाळीनंतर रचावा. सोयाबीनची मळणी झालेली असते, कुटाराचे ढीग धुऱ्यावर असतात. सोयाबीनच्या कुटारातले जाड, काडीचे भाग जनावरे तशीही सोडतात, चारा म्हणून तुरीचे कुटार अधिक चालते, आणि कितीतरी कुटार नुसते जाळले जाते. विहिरीला तेव्हा पाणी असते, हवेत गारवा असतो आणि ढीग लवकर वाळत नाही. हरभऱ्याची पेरणी आटोपली की काही दिवस मजूरही मोकळे मिळतात. गोठ्यात कुटार अंथरून मूत्र त्यात मुरवावे, आणि गोळा केलेले शेण रोज वर टाकत बसण्यापेक्षा आठवड्या-दोन आठवड्यांचे साठवून, ते झाकून, एकदम ढीग लावावा म्हणजे तो तापतो. शेण ओले वजनाने पाच भाग तर कुटार एक भाग, ओलावा असा की मूठ दाबली तर हात ओला होईल पण थेंब गळणार नाही. तुराट्या तळाला घातल्या तर हवा खेळते. वर चार बोटे जुने खत किंवा माती पसरावी, ती अमोनिया धरते.

पहिले तीन आठवडे ढीग पलटू नये. रोज लोखंडी पहार आत खुपसून ठेवावी, पाच मिनिटांनी काढून हात लावावा. हात टेकवत नाही इतकी ती तापलेली असेल तर काम चालू आहे. पहार गार आणि आत कोरडे पांढुरके जाळे दिसले तर पाणी कमी पडले, गार आणि आंबूस वास आला तर हवा. अमोनियाचा वास येत असेल तर वरून आणखी कुटार आणि माती टाकावी, त्याच दिवशी, उशीर केला तर गेलेले परत मिळत नाही. पहार कोमट लागू लागली की एक पलटणी, बाहेरचे आत, आतले बाहेर. पौष-माघात ढीग ४० अंशांच्या खाली राहतो, नायट्रेट बनू लागते, बुरशी तुराटीच्या तुकड्यांवर चढते, आणि माघ सरेपर्यंत खत तयार होते. यात नायट्रेट असते आणि ते पाण्याबरोबर वाहते, म्हणून खळ्यावर किंवा धुऱ्यावर ते झाकूनच ठेवावे. हळदीला शेणखत भरपूर लागते आणि या भागात हळदीचे क्षेत्रही आहे, तेव्हा चांगल्यातले चांगले खत तिच्या गादीवाफ्यांना जावे. सोयाबीनला उरेल ते, पण शेतात लहान ढीग करून पंधरा दिवस उन्हात न ठेवता, पसरले त्या दिवशीच वखराने मिसळून. आणि मे संपेपर्यंत पहार अजून गरम लागत असेल, किंवा अर्कात भिजवलेल्या मोहरीची मुळे खुंटत असतील, तर ते खत खरिपाला देऊ नये. ताडपत्रीखाली पावसाळा काढू द्यावा आणि हरभऱ्याच्या आधी शेतात घालावे.